दयेस वेतन असावे काय?

पेण तालुक्यात हमरापूरच्या शेजारी जोहे नावाचे गाव आहे. गणेशमूर्तींच्या कारखान्यांमुळे त्याचे नाव मुंबईपर्यंत, किंबहुना परदेशापर्यंत पोहोचले आहे. तेथे वर्षाचे बहुतेक महिने साच्यांतून मूर्ती निघतात, घासल्या जातात, रंगविल्या जातात, आणि अखेरीस कुशल कारागीर त्यांच्या डोळ्यांची आखणी करितो. आम्ही ह्या गावाचे नाव उपासनेची चर्चा करण्यासाठी घेतलेले नाही. तेथील एका साध्या व्यवहाराकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच आमचा हेतू आहे. आखणी करणाऱ्या कारागिरास कोणताही समंजस कारखानदार असे म्हणणार नाही की, ‘बाबा रे, हे देवाचे काम आहे, ते श्रद्धेने करावयाचे असते, तेव्हा तू मजुरी मागू नकोस.’ श्रद्धा ही कारागिराच्या मनातील गोष्ट आणि मजुरी हा त्याच्या हाताचा हक्क, हा भेद तेथील पोरासोरांसही कळतो.

परंतु जोह्यासारख्या प्रत्येक गावात दुसरे एक काम चालते, आणि तेथे मात्र हा भेद आपण सारे विसरतो. ते काम म्हणजे आशाताईचे. तिला आपले सरकार ‘स्वयंसेविका’ म्हणते. ती जे करिते ती सेवा आहे, दया आहे, म्हणून तिला वेतन नाही, मोबदला आहे, असे सांगण्यात येते. ह्यातून एक प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ सरकारी हिशेबाचा नसून धर्मनीतीचा आहे. दयेस वेतन असावे काय? आणि राष्ट्राने आपल्या आरोग्यव्यवस्थेचा भार गरीब स्त्रियांच्या दयेवर टाकावा, हे न्याय्य आहे काय?

प्रथम ही आशाताई आली कोठून, हे पाहू. आपल्या देशात सर्वांस औषधोपचार मिळावा हा विचार स्वातंत्र्यापूर्वीच मांडला गेला होता. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली एक समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. खर्च देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे त्या अहवालाचे मुख्य तत्त्व होते. त्या विचारास अनुसरून १९५२ पासून खेड्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली. पुढे सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ व आदिवासी प्रदेशात २०,००० लोकसंख्येस एक केंद्र, आणि अनुक्रमे ५,००० व ३,००० लोकसंख्येस एक उपकेंद्र, असे प्रमाण ठरले. इमारती झाल्या, फलक लागले. परंतु उपकेंद्र आणि झोपडी ह्यांच्यामध्ये जे अंतर होते ते राहिलेच. खारेपाटातील चिखलाच्या बांधावरून किंवा डोंगरावरील कातकऱ्यांच्या वाडीतून गरोदर बाईस केंद्रापर्यंत नेणार कोण? ताप अंगावर काढणाऱ्या म्हाताऱ्यास समजावणार कोण?

हे अंतर भरून काढण्यासाठी सरकारने १९७७ च्या २ ऑक्टोबर रोजी एक योजना सुरू केली. दर हजार वस्तीमागे गावातीलच एक मनुष्य निवडावा, त्यास थोडे शिक्षण द्यावे, औषधांची पेटी द्यावी आणि महिना ५० रुपये मानधन द्यावे, अशी ती होती. हा मनुष्य सरकारचा नोकर नव्हे, गावाचा सेवक, असे तेव्हाही सांगितले गेले. काही वर्षांनी ती योजना मागे पडली. मग १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा आरंभ झाला आणि पुन्हा दर हजार वस्तीमागे एक, परंतु आता गावातील स्त्रीच, निवडण्याचे ठरले. तिच्या पदाच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून ‘आशा’ हे नाव झाले. आज देशात अशा १० लाखांहून अधिक स्त्रिया आहेत.

तिचे काम वाचकांनी पाहिलेले आहेच. तरी ते एकदा मोजून पाहावे. गावातील प्रत्येक गरोदर स्त्रीची नोंद तिने करावयाची, तपासणीस न्यावयाचे, कळा सुरू झाल्या म्हणजे, मग ती मध्यरात्र का असेना, रुग्णालयात पोहोचवावयाचे. मूल जन्मल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन त्याचे वजन व अंगाची ऊब पाहावयाची. बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिल्या दिवशीही जावयाचे. लसीकरणाच्या दिवशी घरोघर हाका मारावयाच्या. क्षयाच्या रोग्यास गोळ्या वेळेवर चारावयाच्या. मधुमेह, रक्तदाब ह्यांच्या याद्या करावयाच्या. आणि ह्या साऱ्याची नोंद वहीत, तक्त्यात व अलीकडे भ्रमणध्वनीवरही करावयाची.

ह्या कामास फळ आले आहे, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. २००५ साली आपल्या देशात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी ५८ बालके वर्षाच्या आत दगावत असत. २०२० साली ती संख्या २८ वर आली. आपल्या महाराष्ट्रात ती ३६ वरून १६ वर आली. ह्याचे सारे श्रेय एकट्या आशाताईस देता येणार नाही. रस्ते झाले, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, रुग्णालयात बाळंत होण्याची चाल वाढली. परंतु त्या रुग्णवाहिकेस निरोप पाठविणारा आणि घाबरलेल्या सासूची समजूत घालणारा हात बहुधा तिचाच असतो.

आता मोबदल्याकडे वळू. तिला महिन्याचा पगार नाही. कामागणिक पैसे आहेत. नवजात बालकाच्या घरी वर सांगितलेल्या सर्व भेटी पूर्ण केल्या म्हणजे २५० रुपये, अशी त्याची रीत आहे. नेहमीच्या ठरीव कामांसाठी केंद्र सरकार देत असलेली रक्कम २०१८ साली दरमहा १,००० वरून २,००० रुपये झाली, आणि २०२५ साली ती ३,५०० करण्याचा निर्णय झाला. महाराष्ट्र शासन आपल्याकडून वेगळी रक्कम देते. ह्या स्त्रियांनी मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडल्यानंतर, २०२४ च्या मार्चमध्ये, तीत दरमहा ५,००० रुपयांची वाढ झाली. म्हणजे रक्कम वाढली आहे, हे खरे. परंतु ती प्रत्येक वेळी विनवणीने किंवा संपाने वाढली आहे. काही विमायोजना तिला लागू आहेत; सरकारी नोकराचे वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन मात्र नाही. २०१३ साली भारतीय श्रम परिषदेच्या ४५ व्या अधिवेशनाने अशा योजनांतील स्त्रियांस कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केली. तरी तिचे ‘स्वयंसेविका’ हे नाव काही बदलले नाही.

करोनाच्या साथीत ह्या नावातील विसंगती उघडी पडली. २०२० साली जेव्हा शेजारी शेजाऱ्यास दारात उभे करीत नव्हता, तेव्हा आशाताई घरोघर ताप मोजीत फिरत होती. तिला ह्या कामात मृत्यू आला तर कुटुंबास ५० लाख रुपये मिळतील, असा विमा सरकारने त्याच वर्षी जाहीर केला. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील सर्व आशांचा पुरस्कार देऊन गौरव केला. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. परंतु वाचकहो, विचार करा. जिच्या मरणाची किंमत राज्य जाणते, तिच्या जगण्याची किंमत त्यास ठरविता येऊ नये काय? जिला जग हारतुरे घालते, तिला महिन्याच्या अखेरीस वाण्याच्या दारात उधारी मागावी लागावी काय?

येथे दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही आपण नीट ऐकिले पाहिजे, कारण ते उथळ नाही. तो पक्ष म्हणतो की, सेवेचा प्राण प्रेम आहे आणि प्रेम पगारावर ठेविता येत नाही. त्यासाठी तो जामखेडचे उदाहरण देतो. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली अहमदनगर जिल्ह्यातील (आज ह्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे) जामखेड येथे कार्य आरंभिले. ज्यांस लिहितावाचता येत नव्हते, ज्यांपैकी कित्येकींस गावात पाण्याला शिवण्याचीही मोकळीक नव्हती, अशा स्त्रियांस त्यांनी आरोग्याचे ज्ञान दिले. त्या स्त्रिया पगारी नोकर म्हणून काम करीत नसत. तरी त्यांच्या हातून झालेले काम पाहण्यास जगभरचे लोक आले, आणि १९७९ साली त्या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील मांडवे येथेही, डॉ. नोशीर अंतिया यांनी १९७० च्या दशकात गावातील साध्या स्त्रियांस हाताशी धरून असाच प्रयोग केला; जे ज्ञान डॉक्टरांनी कुलुपात ठेविले होते ते खेड्यातील बाईस सहज पेलते, हे तेथे दिसून आले. तेव्हा, तो पक्ष विचारितो, जे जामखेडास प्रेमाने साधले ते पैशाने का बिघडवावे?

आमचे उत्तर असे आहे. जामखेडच्या स्त्रियांनी जे दिले ते दान होते, आणि दान तेच की जे न देण्याचीही मोकळीक असते. त्या स्त्रियांस त्या कार्यात ज्ञान मिळाले, मान मिळाला, आपल्या जातीच्या खाली वाकविलेल्या मानेस वर पाहण्याचे बळ मिळाले. त्यांचे शिकणे आठवड्यांमागून आठवडे चालू राहिले आणि त्यांचे म्हणणे ऐकणारे कोणी होते. परंतु जेव्हा एखाद्या कामास वरून संख्या ठरवून येते, जेव्हा ते न केल्यास जाब विचारिला जातो, आणि जेव्हा ते थांबले तर सारी व्यवस्था थांबते, तेव्हा ते दान राहत नाही. ती चाकरी होते. संख्या, जाब आणि गरज ही तीन लक्षणे जेथे आहेत तेथे ‘स्वयंसेवा’ हा शब्द वापरणे म्हणजे देणाऱ्याच्या प्रेमाआड घेणाऱ्याने आपले ऋण लपविणे होय. प्रेम हे देणाऱ्याचे भूषण आहे. घेणाऱ्याने त्याची सबब करू नये.

आमच्या वाचकांस परिचित असलेला शोमरोन्याचा दाखलाच पाहा. वाटेत अर्धमेला पडलेल्या मनुष्यास पाहून त्याचा कळवळा आला. त्याने स्वतः जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर त्यास बसविले आणि स्वतः रात्र काढली. ह्या साऱ्याचे त्याने कोणाकडे काही मागितले नाही. ती त्याची दया होती. परंतु दुसऱ्या दिवशी निघताना त्याने उतारशाळेच्या रखवालदारास काय सांगितले? ‘तूही माझ्यासारखा दयाळू हो आणि ह्याचा फुकट सांभाळ कर,’ असे सांगितले नाही. त्याने पदरचे पैसे काढून त्याच्या हातावर ठेविले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देण्याचे वचन दिले. आपल्या दयेची किंमत त्याने घेतली नाही; परंतु दुसऱ्याच्या श्रमाची किंमत बुडविलीही नाही. दया स्वतःच्या खर्चाने करावयाची असते. दुसऱ्याच्या खर्चाने केली तर तिचे नाव निराळे होते. राज्याने ह्या दाखल्यातील शोमरोनी व्हावे, अशी आमची इच्छा आहे. आणि तसे व्हावयाचे असेल तर रखवालदाराचे देणे चुकते करणे त्याच्याकडे आले.

कोणी म्हणेल की, पगार सुरू झाला की आशाताईही सरकारी कचेरीतल्या बाबूसारखी होईल, आणि तिच्या मनातील ओलावा आटेल. ही भीती खोटी नाही. परंतु ती तिच्याच बाबतीत का उत्पन्न व्हावी? प्राथमिक केंद्रातील डॉक्टर पगार घेतो. आपण त्यास असे म्हणत नाही की, ‘तुझा कळवळा विकत घेतलेला आहे.’ आरोग्यसेविका पगार घेते. मंडळीतील उपदेशकासही, थोडे का होईना, मानधन असते. म्हणून त्याची प्रार्थना खोटी होते काय? उपाशी पोटी केलेली सेवाच खरी, हा नियम आपण नेमका सर्वांत गरीब स्त्रीस लावितो, आणि तिच्याहून वरच्या प्रत्येकास त्यातून सूट देतो. ज्या नियमाचा जाच नेहमी दुबळ्यासच होतो, तो नीतीचा नियम नसून सोयीचा नियम असतो, हे ओळखावे.

कामागणिक मोबदल्याच्या रीतीत आणखी एक दोष आहे, आणि तो रोग्याच्या अंगावर येतो. ज्या कामाचा दर ठरला आहे ते काम दिसते. ज्याचा दर नाही ते अदृश्य होते. बालकाच्या सहा भेटींचा दर आहे. परंतु वाडीवरचा एखादा कातकरी बाप रोजगारासाठी वीटभट्टीवर जातो की नाही, मागे राहिलेल्या म्हातारीस दोन घास मिळतात की नाही, हे पाहण्यास दोन कोस डोंगर चढून जाण्याचा दर कोणत्या तक्त्यात आहे? मरणोन्मुख मनुष्याजवळ तासभर बसण्याचा दर किती? आशाताई हे करीत नाही असे नाही. पुष्कळ जणी करितात. परंतु जे सर्वांत अधिक दयेचे ते सर्वांत कमी मोलाचे, अशी ही उफराटी मांडणी आहे. तिला पोटापुरते निश्चित वेतन असेल, तर उरलेला वेळ ती ज्यास सर्वांत अधिक गरज आहे त्यास देऊ शकेल. ह्या अर्थाने वेतन हे दयेचे शत्रू नसून तिचे अंगण आहे. त्यातच तिला मोकळेपणाने वावरता येते.

राहिला तिजोरीचा प्रश्न. हिशेब सोपा आहे. १० लाख स्त्रियांस महिना १,००० रुपये अधिक द्यावयाचे तर महिन्यास १०० कोटी आणि वर्षास १,२०० कोटी रुपये लागतील. ही रक्कम लहान नव्हे. आणि पोटापुरत्या वेतनास ती पुरणारही नाही. परंतु २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारनेच लिहून ठेविले होते की, आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेऊ. २०२१-२२ साली तो दोन टक्क्यांच्याही आतच होता. २०१८ साली आयुष्मान भारत योजनेने गरीब कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयाचा खर्च देण्याचे ठरविले, हे मोठे पाऊल होय. आपल्या रायगड जिल्ह्यात तर राज्याची तशीच योजना २०१२ सालीच पहिल्या आठ जिल्ह्यांबरोबर सुरू झाली होती. परंतु रोग बळावून मनुष्य रुग्णालयात पोहोचल्यावर जे लाखो खर्च करावयाचे, त्यांतील थोडे जर रोग दारात असतानाच त्यास अडविणाऱ्या बाईस दिले, तर तो खर्च नव्हे, शहाणपण आहे. पैसा नाही असे जेव्हा सांगण्यात येते, तेव्हा तो कोठे नाही आणि कोठे आहे, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास आहे.

आता ह्या बाबतीत आपण काय करावे? सरकारने काय करावे हे सांगणे सोपे असते. आमच्या मते आपल्या लहानशा मंडळ्यांसही तीन गोष्टी सहज करण्याजोग्या आहेत. पहिली ही की, ग्रामसभेस जावे आणि तेथे तोंड उघडावे. प्रत्येक गावासाठी आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता ह्यांची समिती असावी अशी योजना आहे, आणि तिला गावाच्या गरजेनुसार खर्चण्यासाठी थोडा निधीही देण्याची तरतूद आहे. ती समिती बसते की नाही, आशाताईचा मोबदला वेळेवर पोहोचतो की महिनोन् महिने अडकतो, हे विचारण्यास मोठी विद्या लागत नाही. दुसरी गोष्ट अशी की, तिला मोलकरणीसारखे वागवू नये. ‘तुला सरकार पैसे देते’ असे म्हणून तिला वेळीअवेळी हाक मारणारे, आणि ‘तू तर स्वयंसेविका’ असे म्हणून तिच्या हक्काच्या वेळी गप्प बसणारे, बहुधा एकच असतात. रात्री ती बाळंतिणीबरोबर निघाली तर गावातील कोणी कर्त्या माणसाने तिच्याबरोबर जावे, आणि परतताना तिला घरापर्यंत पोहोचवावे.

तिसरी गोष्ट सर्वांत जवळची आहे. आपल्या घरात, आपल्या देवळात, आपल्या शाळेत असे कोण आहे की ज्याचे काम आपण ‘सेवा’ म्हणून घेतो आणि ज्याचे देणे विसरतो? झाडलोट करणारी बाई, घंटा वाजविणारा म्हातारा, आजाऱ्याची शुश्रूषा करणारी घरची सून, ह्यांच्या श्रमास आपण प्रेमाचे नाव देतो की प्रेमाच्या नावाखाली ते श्रम पचवितो, हे प्रत्येकाने आपल्याशी तपासावे. ज्या घरात सुनेच्या श्रमाचा हिशेब नाही, त्या घरातील मतदार राज्याकडे आशाताईच्या श्रमाचा हिशेब कोणत्या तोंडाने मागेल?

दयेस वेतन असावे काय, असा प्रश्न आम्ही आरंभी केला. त्याचे उत्तर आम्ही असे देतो की, दयेस वेतन नसते, कारण तिचे मोल कोणत्याही तिजोरीत मावत नाही. परंतु दया करणाऱ्या मनुष्यास पोट असते, मुले असतात आणि म्हातारपण असते, आणि ह्या तिहींची सोय करणे हा उपकार नसून न्याय आहे. न्याय चुकता केल्यावर जे उरते तीच खरी दया. आणि ती, आमची खात्री आहे, आशाताईच्या ठायी पुष्कळ उरेल.